तोंडात भिजवलेला धागा

अमेरिकेतल्या एका संग्रहालयात जुन्या वस्तूंची निगा राखणं हे माझं काम. त्या दिवशी टेबलावर लाकोटा या तिथल्या मूळनिवासी लोकांकडच्या, लहान मुलाच्या मोकासिन, म्हणजे चामडी जोडे, होत्या. वर मऊ कातडं, खाली कडक चामड्याचा तळ, आणि वरची सगळी बाजू बारीक काचमण्यांनी भरलेली.

निळ्या मण्यांना पाझर फुटला होता. काचेत अल्कली, म्हणजे क्षार, जास्त पडली असेल तर दमट हवेत ती बाहेर झिरपते. मणी आधी चिकट होतो, मग तडकतो. हे मणी मूळचे युरोपातल्या व्हेनिस-बोहेमियाचे, व्यापाऱ्यांनी आणलेले. त्याआधी लाकोटा बायका साळिंदराचे काटे रंगवून नक्षी भरत.

पण खरी अडचण वेगळीच होती. आदल्या संध्याकाळी क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणाऱ्या एक्सआरएफ यंत्राने तपासलं, तर आर्सेनिक हे विष निघालं. कसर लागू नये म्हणून पूर्वी संग्रहालयांत हे सर्रास मारत. 1990 च्या कायद्याने वस्तू त्या त्या जमातींना परत मिळू लागल्या, तेव्हा होपी या दुसऱ्या जमातीच्या पवित्र वस्तूंतही ते सापडलं. आमच्या कार्डावर मात्र त्याचा उल्लेख नाही.

दहा वाजता लाकोटा पाहुणे आले. बरोबरची मुलगी त्यातल्या म्हाताऱ्या बाईंना सारखी 'उंची, उंची' म्हणत होती. बाई जेमतेम पाच फुटांच्या, मला हसू आवरेना. लाकोटात आजीला उंची म्हणतात, हे नंतर कळलं.

आजींनी थेट उघडा हात पुढे केला. मला "थांबा" म्हणावं लागलं. कारण सांगताना मान वर होत नव्हती. त्यांनी निमूट हातमोजे चढवले आणि भिंग घेऊन टाके बघत बसल्या.

"हा धागा कशाचा, माहीत आहे?"

"स्नायूचा." म्हणजे जनावराच्या पाठीवरच्या स्नायूची चिवट कंडरा, वाळवून चिरलेली.

"तो तोंडात धरून मऊ करतात. टोक तेवढं कोरडं ठेवायचं, तीच सुई. आरीने भोक पाडायचं नि ओवायचं. माझी आजी बोलायची तीसुद्धा ओठांत धागा धरून."

मग थोडं थांबून, "औषध कुणी मारलं?"

"नोंद नाही."

"आणि शिवलं कुणी?"

तीही नव्हती. कार्डावर विकत घेणाऱ्याचं नाव होतं, किंमतसुद्धा होती.

त्यांनी जोड उलटा केला. टाचेशी चामडं झिजलं होतं, कडेच्या शिवणीत माती बसलेली. "चालायला लागलं होतं पोर," त्या म्हणाल्या. "निळे मणी पूस. ही माती राहू दे."

त्या मातीसाठीही मी सकाळीच बोळे वळून ठेवले होते. ते परत डब्यात टाकले. दुपारभर एकेक निळा मणी पुसला, कातड्याला ओल लागू न देता. संध्याकाळी कार्डावर आर्सेनिकची नोंद केली आणि तिच्याखाली लिहिलं: तळाची माती काढू नये.