ताफ्याच्या शेपटाला चालणारं झमालेक

आपल्या मराठवाड्याला समुद्र नाही, पण विहीर कळते. आत पडलेल्याला वरून दोर सोडला तरी गारठलेल्या बोटांना तो धरवत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या बचावजहाजांची सगळी रचना याच अडचणीभोवती होती.

टॉर्पेडो लागलेल्या जहाजाची माणसं उचलायला आधी एकत्र चालणाऱ्या जहाजांच्या ताफ्यातलंच एखादं मालवाहू जहाज थांबे. त्याची बाजू उंच, चढणं मुश्कील. आणि थांबलं की तेही पाणबुडीच्या तोंडी. म्हणून १९४१ पासून ब्रिटिशांनी बुटक्या बाजूची, चटकन वळणारी छोटी प्रवासी जहाजं घेतली. झमालेक त्यातलंच, जेमतेम दीड हजार टनांचं. बाजूला दोरखंडाच्या जाळ्या सोडायच्या. ज्याला चढवत नाही त्याला लांब दांड्याच्या जाळीने मासळीसारखं उचलायचं. वर आलेला माणूस काळ्या इंधनतेलाने माखलेला असे. तेल डोळ्यांत आणि फुप्फुसांत गेलेलं, म्हणून डॉक्टर आणि शस्त्रक्रियेची खोली जहाजावरच. तोफा असल्याने इस्पितळजहाजाचं संरक्षण मात्र नाही. शिवाय पाणबुडीच्या बिनतारी संदेशाची दिशा पकडणारं यंत्रही या जहाजांवर बसवलं गेलं. हे काम फार कमी सांगितलं जातं.

जुलै १९४२ मध्ये रशियाकडे निघालेल्या पीक्यू-१७ ताफ्यात झमालेक, झाफरान आणि रॅथलिन ही बचावजहाजं होती. झाफरान विमानी बॉम्बने बुडालं. त्याची माणसं झमालेकनेच उचलली.

अशा जहाजांनी मिळून ४,१९४ जीव वाचवले. फेब्रुवारी १९४३ मध्ये स्टॉकपोर्ट हे बचावजहाज मात्र नुकत्याच वाचवलेल्या माणसांसकट बुडालं.