बायको चालेल का?

नोव्हेंबर 2024. ओस्लोत चारलाच काळोख झाला होता आणि मी घरी निघायच्या बेतात होते, तेवढ्यात एका क्लायंटचा फोन. साठीचे गृहस्थ, बांधकाम कंपनीचे मालक (ओळख पटेल असं काही इथे लिहीत नाही). हवापाण्याचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाले, "बोर्डावर बाई हवीच ना आता? माझी बायको चालेल का?"

चालेल की. कायदा नातं विचारत नाही. आपल्याकडे 2013 च्या कंपनी कायद्यानं लिस्टेड कंपन्यांना किमान एक संचालिका सक्तीची केली, तेव्हाही बऱ्याच ठिकाणी घरातलीच नावं पुढे आली होती.

नॉर्वेत ही गोष्ट जुनी आहे. 2002 मध्ये इथले व्यापार आणि उद्योगमंत्री आन्सगर गाब्रिएल्सन यांनी एका वर्तमानपत्राला सांगून टाकलं, की बोर्डांवरच्या पुरुषांच्या कंपूचा आपल्याला वीट आलाय. गंमत म्हणजे ते उजव्या पक्षाचे! पुढच्याच वर्षी कायदा झाला: पब्लिक लिमिटेड कंपन्यांच्या संचालक मंडळावर स्त्रिया आणि पुरुष दोघंही किमान 40 टक्के. आधी 'आपणहून करा' म्हणून पाहिलं, पण ते पुरेसं झालं नाही. मग 2008 पर्यंतची मुदत देऊन सक्ती केली. नाही जमलं तर कंपनी बरखास्त. त्याबरोबर 'लायक बायका मिळत नाहीत' म्हणणाऱ्यांनाही त्या सापडल्या. ज्या एकाच वेळी अनेक बोर्डांवर गेल्या त्यांना इथे 'सोनेरी परकर' म्हणू लागले. पुरुष वर्षानुवर्षं तेच करत होते, तेव्हा त्यांच्या पँटींना कुणी नाव ठेवलं नव्हतं.

प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या मात्र यातून सुटल्या होत्या. 2023 च्या अखेरीस त्यांच्यासाठीही कायदा आला. ज्यांचं वार्षिक उत्पन्न 10 कोटी क्रोनरच्या वर, त्यांना 31 डिसेंबर 2024 ची मुदत. म्हणून तो फोन.

त्यांच्या बोर्डावर तिघे: ते स्वतः, त्यांचा भाऊ आणि एक जुना मित्र. तिघांत किमान एक बाई हवी. मी बोलता बोलता ईमेल चाळत होते. बँक, टेंडर, पगार, सगळ्यांची उत्तरं चार वर्षं एकाच व्यक्तीकडून येत होती.

"आणि मुलगी?" मी विचारलं.

पलीकडे शांतता. "ती कामात असते गं."

बायकोनं 'मला नकोत त्या मीटिंगा' म्हणून हात झटकले, तेव्हा कुठे मुलीचं नाव आलं. ब्रन्नयसुंदच्या सरकारी कंपनी रजिस्टरवर आता ते कुणालाही फुकट बघता येतं.

शेअरची वही मात्र होती तशीच आहे. एकच नाव, 100 टक्के. बोर्ड निवडते भागधारकांची सर्वसाधारण सभा, आणि इथे सर्वसाधारण सभा म्हणजे बाबा एकटेच. उद्या मनात आलं तर मुलीला काढून दुसरी कुणी बसवतील. कायद्याचा आकडा तेवढाच भरेल. लाभांशही त्यांचाच. मालकीला कोटा नाही आणि सीईओच्या खुर्चीलाही नाही. डीएनबी या इथल्या सर्वांत मोठ्या बँकेच्या प्रमुखपदी 2019 पासून शेर्स्तिन ब्रोथेन आहेत, म्हणून मोठ्या कंपन्यांचं चित्र पालटलं असं समजू नका. बहुतेक ठिकाणी ती खुर्ची अजून पुरुषाचीच आहे.

मागच्या महिन्यात मुलीचा ईमेल आला. शेअर हस्तांतराला कोणकोणती कागदपत्रं लागतात? मी यादी तयार केली आणि विचारलं, बाबांना सीसीमध्ये ठेवू का?

"आत्ताच नको," तिचं उत्तर आलं.