कोबी अपडेट: पावडर चालली, पण बुरशी नाही

मंडळी, मागे लिहिलं होतं की मायकोरायझा (मुळांशी मैत्री करून राहणाऱ्या बुरशीची पावडर) दिलेले सहा कोबी बिनपावडरच्या सहांपेक्षा बरेच पुढे आहेत. काहींनी लगेच टोकलं: कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी या कुळाचं व्हॅमशी (म्हणजे पावडरीतल्या याच बुरशीशी) जमतच नाही, त्या मैत्रीला लागणारी जनुकंच या कुळाने गमावली आहेत. बरोबर. मग रोपं वाढली कशाने? महिनाभर दुसरं काही सुचलं नाही.

आधी मुळं पाहिली. कॉस्टिक पोटॅशमध्ये गरम केली, शाई-व्हिनेगरमध्ये रंगवली. (कोबीची मुळं फार नाजूक, लवकर बाहेर काढा, माझ्या पहिल्या खेपेचा लगदा झाला.) त्याच पावडरीवरच्या कांद्याच्या मुळात ४०० पट करून पाहिलं, तर पेशीपेशीत निळी झुडपं! इतके स्वच्छ आर्बस्क्यूल (मुळाच्या पेशीत बुरशीने केलेली झुडपासारखी रचना) मला पहिल्यांदाच दिसले; अर्धा तास उठवेना. कोबीत मात्र बाहेरून चिकटलेले दोन-चार तंतू, आत शून्य. म्हणजे पावडर जिवंत होती, कोबीने तिला दारातच ठेवलं.

मग बुरशी मरावी म्हणून थोडी पावडर ओली करून कुकरमध्ये २० मिनिटं शिजवली. नवी बारा रोपं: चारांना शिजवलेली, चारांना जिवंत, चारांना काहीच नाही. बाविसाव्या दिवशी पहिली आठ सारखीच तरारलेली, कोरी चार मागे. पाकीट पुन्हा वाचलं. बारीक अक्षरात ह्युमिक ॲसिड आणि समुद्री शेवाळाचा अर्क! माझा संशय आता त्यांच्यावरच आहे. ‘सर्व भाज्यांसाठी’च्या यादीत कोबी छापणं मला मुळीच पटत नाही. पावडर घ्यायची तर कांदा, मिरची, कारल्यासाठी घ्या.

पुढे सेरेंडिपिटा इंडिका करून बघायची आहे. थरच्या वाळवंटात सापडलेली, १९९८ साली पिरिफॉर्मोस्पोरा इंडिका या नावाने नोंदलेली ही बुरशी मोहरीकुळाच्या मुळांतही शिरते, आणि व्हॅमसारखी यजमानावर अडून न बसता नुसत्या माध्यमावरही वाढते. कोणाकडे खात्रीचं कल्चर असेल तर सांगा. तोवर ट्रायकोडर्मा (ही आणखी एक उपयोगी बुरशी).

हे लिहितानाच एक सुचलं. पावडर दिलेल्या सहा कोबींच्या बॅगांत पुढे कारली लावणार आहे, आणि कोबीच्या मुक्कामात व्हॅमला यजमानच नाही. म्हणून सहापैकी तीन बॅगांत आजच कडेला कांद्याची रोपं खोचतो. कारल्याची मुळं रंगवली की कांदा असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही बॅगांचे फोटो टाकेन.