जुन्या फोर-व्हील ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांना लॉकिंग हब बसवताना

जुना फोर-व्हील ट्रॅक्टर कडक रस्त्यावर वळवला की स्टेअरिंग जड होतं, पुढचे टायर खरडतात, आणि फोर-व्हीलची दांडी ओढून ओढून हात दुखला तरी ती सुटत नाही. गिअरबॉक्स बिघडला असं वाटतं, पण बहुतेक वेळा तो ठणठणीत असतो. पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त वेगाने ओढावीत, असंच या ट्रॅक्टरांचं गणित मुद्दाम ठेवलेलं असतं. मऊ जमिनीत हा फरक टायरच्या घसरण्यात जिरून जातो. कडक जमिनीवर त्याला जिरायला जागा नसते, मग शाफ्ट पिळले जातात आणि त्या पिळामुळे डॉग क्लचचे (फोर-व्हील जोडणाऱ्या-सोडणाऱ्या दातेरी जोडणीचे) दात एकमेकांना घट्ट धरून बसतात.

लॉकिंग हब हा पीळ चाकापाशीच सोडवतो. हबच्या तोंडावरची डायल फ्रीवर असली की चाक नुसतं बेअरिंगवर फिरतं. फोर-व्हीलही सोडलेलं असेल तर आतला शाफ्ट, पुढचा डिफरेन्शियल आणि गिअरबॉक्सकडून येणारा प्रॉपेलर शाफ्ट जागच्या जागी थांबतात; ओढ जोडलेली असेल तर ते नुसते बिनभार फिरतात. डायल लॉकवर नेली की हबच्या आतली दातेरी कडी सरकते आणि चाक शाफ्टला जोडलं जातं. ही कल्पना जीपवाल्यांची. दुसऱ्या महायुद्धातून उरलेल्या जीप रस्त्यावर बऱ्या चालाव्यात म्हणून आर्थर वॉर्न यांनी १९४८ साली अमेरिकेत असे हब बनवायला सुरुवात केली. ट्रॅक्टरला ते लावता येतात, पण जीप आणि ट्रॅक्टर यांच्यातला फरक विसरून लावले तर पहिल्याच जड कामात फुटतात.

सगळ्यात आधी गरज आहे का ते बघा. तुमच्या ट्रॅक्टरला फोर-व्हील सोडायची दांडी असेल आणि ती नीट चालत असेल, तर पीळ तिथेच सुटतो. अशा वेळी हबचा फायदा एवढाच, की टू-व्हीलमध्ये पळताना पुढचे शाफ्ट आणि क्रॉस (शाफ्टचे वळते सांधे) उगाच फिरत नाहीत. डिझेल वाचतं ते अगदी थोडं. रस्त्यावरचं अंतर कमी असेल तर या कामात पडू नका. पुढची ओढ कायम जोडलेली असेल, किंवा डॉग क्लच झिजून त्याचे भागच मिळत नसतील, तर मात्र हब खरोखर उपयोगी पडतो.

टायरची गडबडही याच वेळी तपासा. मागच्या चाकावर आणि पुढच्या चाकावर खडूची खूण करा. मऊ, सपाट जमिनीवर फोर-व्हील सोडून मागच्या चाकाचे बरोबर १० फेरे होईपर्यंत ट्रॅक्टर सरळ चालवा आणि पुढच्या चाकाचे फेरे मोजा. मग फोर-व्हील टाकून पुन्हा मोजा. (ओढ कायम जोडलेली असेल तर पहिल्या मोजणीपुरता प्रॉपेलर शाफ्ट काढावा लागेल.) समजा पहिल्यांदा १५.२ फेरे आले आणि दुसऱ्यांदा १५.७, तर पुढची चाकं साधारण ३.३ टक्के पुढे आहेत. १ ते ५ टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. त्याहून जास्त असेल किंवा उलट पुढचीच मागे पडत असतील, तर टायरचं माप चुकीचं आहे किंवा एका जोडीची झीज जास्त झाली आहे. ते हबने झाकलं जाईल, बरं होणार नाही. शेतात लॉक केल्याबरोबर तोच ताण पुन्हा येतो.

आता एक्सल. लॉकिंग हब फक्त एकाच रचनेत सरळ बसतो: चाकाचा हब पोकळ स्पिंडलवर (न फिरणाऱ्या आसावर) दोन टेपर रोलर बेअरिंगांवर फिरतो, शाफ्ट स्पिंडलच्या मधून बाहेर येतो आणि टोकाला बोल्टने लावलेला ड्राइव्ह फ्लँज दोघांना जोडतो. तो फ्लँज काढून त्या जागी हब येतो. ट्रकवरून घेतलेले पुढचे एक्सल बहुधा असे असतात. इंग्लंडच्या रोडलेस कंपनीने फोर्डसन मेजर ट्रॅक्टरच्या सुरुवातीच्या फोर-व्हील रूपांतरांत युद्धातून उरलेल्या जीएमसी ट्रकचे पुढचे एक्सल वापरले होते, त्या जातीचे. काउंटी कंपनीच्या ट्रॅक्टरांची गोष्ट निराळी. त्यांत मागच्या दोन्ही बाजूंकडून दोन वेगळे शाफ्ट पुढच्या चाकांकडे जातात आणि समोर डिफरेन्शियलच नसतो. तिथे इथलं काही तसंच्या तसं लागू करू नका. चाकाच्या टोकाला प्लॅनेटरी गिअर किंवा बेव्हल गिअरची पेटी असेल, तर बाहेरून लॉकिंग हब लावायला जागाच नाही, कारण चाक फिरलं की ते गिअर फिरणारच.

एक्सल योग्य निघाला की खरा प्रश्न टॉर्कचा. ट्रॅक्टरच्या खालच्या गिअरमध्ये इंजिन चाकाला घसरेपर्यंत पिळू शकतं, म्हणून इंजिनाची हॉर्सपॉवर धरून हब निवडणं चुकीचं. चाक घसरायला जेवढा टॉर्क लागतो, तेवढा हबने सोसला पाहिजे. पुढच्या एक्सलवर १५०० किलो वजन आहे, म्हणजे एका चाकावर ७५०. पकड ०.७ धरली आणि टायरची त्रिज्या ०.५५ मीटर, तर ७५० × ९.८१ × ०.७ × ०.५५ म्हणजे सुमारे २८०० न्यूटन-मीटर. समोर लोडर लावून बादली भरली आणि एक्सलवर २५०० किलो आले, की हाच आकडा ४७०० च्या वर जातो. त्यात झटका धरलेलाच नाही. घसरणारं चाक फिरता फिरता अचानक दगडावर पकडतं तेव्हा आकडा सहज दुप्पट होतो.

तुलनेला शाफ्ट घ्या. स्प्लाइनच्या (शाफ्टवर लांबीने कोरलेल्या दातांच्या) तळाशी ३३ मिलिमीटर जाड असलेला, चांगल्या कडक पोलादाचा शाफ्ट ५०० मेगापास्कल कातर-ताणाला साधारण ३५०० न्यूटन-मीटरवर कायमचा पिळला जायला लागतो. ३८ मिलिमीटरचा ५४०० पर्यंत टिकतो. पाच मिलिमीटरने एवढा फरक पडतो, कारण ताकद व्यासाच्या घनाने वाढते. जुन्या हलक्या जीपचे १० स्प्लाइनचे हब स्वस्तात मिळतात म्हणून ते ट्रॅक्टरला लावायचा मोह होतो. लावू नका. जड पिकअप किंवा ट्रकच्या एक्सलचे हबच बघा. आणि लोडर असेल तर माझं मत स्पष्ट आहे: हब लावू नका. शाफ्टपेक्षा हब थोडा कमजोर असणं मात्र वाईट नाही. काहीतरी तुटणारच असेल तर बाहेरचा, चार-सहा बोल्ट सोडून काढता येणारा हब तुटावा. नकलच्या (चाक जिथे वळतं त्या भागाच्या) आतला सांधा तुटला तर एक्सल उघडावा लागतो.

ऑटोमॅटिक हब अजिबात घेऊ नका. ते शाफ्ट ज्या दिशेने फिरतो त्यावर अडकतात, आणि दिशा बदलली की सुटून पुन्हा अडकतात. पुढे-मागे सतत होणाऱ्या ट्रॅक्टरला हे चालत नाही, आणि उतारावर इंजिनाचा रोध ऐन वेळी सुटू शकतो. हाताने फिरवायचा, धातूच्या डायलचा हबच हवा. प्लॅस्टिकची डायल काट्याकुट्यात एका हंगामात तुटते.

खरेदीआधी ड्राइव्ह फ्लँज काढून कॅलिपरने सगळं मोजा. स्प्लाइन किती, त्यांचा बाहेरचा आणि तळाचा व्यास किती, शाफ्ट हबच्या तोंडाच्या किती बाहेर येतो, सर्क्लिपची (शाफ्ट जागेवर धरणाऱ्या स्प्रिंगच्या कडीची) खाच टोकापासून किती अंतरावर आहे, बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास, बोल्टांची संख्या आणि आटे, आणि फ्लँज ज्या गोल खोबणीत बसतो तिचा व्यास. स्प्लाइनची संख्या जुळली म्हणजे सगळं जुळलं असं समजू नका. व्यास आणि दातांचा कोन वेगळा असला तर कडी बसेल, पण दातांच्या टोकांवर भार घेईल आणि थोड्याच दिवसांत दात गोल करेल.

स्प्लाइन जुळली नाही तर हबची आतली कडी नवी बनवून घ्यावी लागते. त्यासाठी ईएन २४ पोलादाचा गोळा, वायर-कटवर कापलेली स्प्लाइन आणि नंतर हार्डनिंग, हा मार्ग पक्का. जुन्या फ्लँजचा मधला भाग कापून नव्या कडीत वेल्ड करण्याची युक्ती बरेच जण करतात. कडक केलेलं पोलाद वेल्डच्या शेजारी ठिसूळ होतं आणि तिथूनच चीर जाते. शिवाय मूळ फ्लँज एकदा कापला की जुन्या ट्रॅक्टरला तो परत मिळवणं अवघड.

बोल्टांचं वर्तुळ जुळत नसेल तर मधे ॲडॉप्टर कडी येते. ती मूळ खोबणीत हलकी ठोकून बसेल इतकी नेमकी हवी, केंद्र ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकलं की आतली कडी एका बाजूला घासते आणि डायल जड फिरते. या कडीने हब तेवढाच बाहेर येतो हेही मोजा. पुढचं चाक नांगराच्या तासात चालतं तेव्हा बाहेर आलेला हब तासाच्या भिंतीला घासतो, बांधावरच्या बुंध्याला लागतो. रिमच्या खोलगट भागाबाहेर तो येत असेल तर भोवती जाड पाइपची संरक्षक कडी लावा.

बोल्टांकडे कुणी लक्ष देत नाही, आणि बिघाड तिथूनच सुरू होतो. १०.९ ग्रेडचे सहा एम १० बोल्ट ६५ न्यूटन-मीटरला घट्ट केले तर प्रत्येकाची पकड ढोबळमानाने ३८ किलोन्यूटन. १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर, घर्षण ०.१५ धरून, सगळे मिळून साधारण १७०० न्यूटन-मीटर पेलतात. वर तर आपल्याला २८०० हवे होते. म्हणजे नुसत्या बोल्टांवर सोडलं तर हब प्रत्येक ओढीला केसभर सरकतो, बोल्ट सैल होतात, भोकं लांबट होतात, शेवटी बोल्टांची डोकी उडतात. म्हणून किमान दोन, शक्यतो चार कडक डॉवेल पिना (दोन भाग एकमेकांवर सरकू न देणाऱ्या खिळ्या) हव्यात, आणि त्यांची भोकं हब बसवल्यावर एकत्र धरून रीमरने काढायची. मूळ फ्लँजला पिना किंवा कोनिकल वॉशर असतील तर ती व्यवस्था काढून टाकू नका.

बसवण्याचं काम त्यामानाने सोपं. मागच्या चाकांना गुटके लावा, एक्सलखाली घोड्या (स्टँड) ठेवा. नुसत्या जॅकवर हात घालू नका. फ्लँज निघत नसेल तर त्यातल्या काढण्याच्या आट्यांत बोल्ट घालून समान पिळा, छिन्नी मारू नका. छिन्नीची खूण राहिली की गॅस्केट गळते. कोनिकल वॉशर पितळी हातोड्याने फ्लँजच्या बाजूवर ठोकले की सुटतात. उघडलंच आहे तर बेअरिंग धुऊन बघा, ग्रीस नवं भरा. नट चाक फिरवत फिरवत घट्ट करा, मग सोडा, आणि पुन्हा हलका बसवा. मॅन्युअलमधला आकडा नसेल तर डायल गेजवर ०.०५ ते ०.१५ मिलिमीटर प्ले ठेवा. लॉक नटची पट्टी नवी वापरा. शाफ्टच्या टोकाची सर्क्लिप खाचेत पूर्ण बसली पाहिजे. ती नसेल तर शाफ्ट आत सरकतो आणि कडी अर्ध्याच दातांवर चालते.

हबच्या आत ग्रीस कमी लावा, पातळ थर पुरे. ठासून भरलं तर थंडीत ते घट्ट होतं, स्प्रिंग कडीला ढकलू शकत नाही, आणि डायल लॉक दाखवत असली तरी दात अर्धेच अडकलेले राहतात. हब उघडल्यावर आत गिअर ऑइल दिसलं तर ते पुसून बंद करू नका. एक्सलचं आतलं सील गेलेलं आहे. चिखलणीत चाललेला एक्सल गरम असतो. तो पाण्यात थंड झाला की आत पोकळी तयार होते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं, म्हणून ब्रीदरला (एक्सलच्या हवेच्या भोकाला) नळी लावून ती उंच न्या.

दोन्ही चाकं उचललेली असतानाच चाचणी घ्या, गिअर टाकून पुढची ओढ जोडलेली ठेवा. दोन्ही डायल फ्री: चाक फिरवलं तर शाफ्ट हलता कामा नये. दोन्ही लॉक: एक चाक पुढे फिरवलं की दुसरं मागे फिरलं पाहिजे. डायल अडली तर चाक थोडं हलवा, दात समोरासमोर आलेले असतात. पक्कड लावून डायल फिरवू नका. बोल्ट पहिल्या दोन तासांच्या कामानंतर आणि पुन्हा दहा तासांनी टॉर्क रेंचने तपासा.

एक बाजू लॉक आणि एक फ्री ठेवून कधीही चालवू नका. साधा डिफरेन्शियल सगळी ओढ सुट्या शाफ्टकडे सोडतो, चाक ओढत नाही आणि आतले छोटे गिअर नको तितक्या वेगाने फिरतात. शेतातून बाहेर पडल्यावर डायल सुटत नसेल तर दोन-तीन मीटर मागे घ्या, पीळ उतरतो.

ब्रेकबद्दल विशेष सांगतो, कारण यात जीव जाऊ शकतो. बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. फोर-व्हील जोडलेलं असतं तेव्हा तेच ब्रेक शाफ्टांमधून पुढच्या चाकांनाही रोखतात. हब फ्री केले की हा आधार गेला. उतारावर वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात, आणि मागून ट्रेलर ढकलत असेल तर ती सरळ घसरतात. उतार लागायच्या आधी, सपाट जागेवर थांबून दोन्ही हब लॉक करा. दुसऱ्या कुणाच्या हाती ट्रॅक्टर देताना हे त्याला तोंडी सांगाच, शिवाय डायलवर फ्री आणि लॉकच्या खुणा वेगवेगळ्या रंगांनी रंगवून ठेवा.

महिन्यातून एकदा, काम नसलं तरी, हब लॉक करून मऊ रस्त्यावर एक-दोन किलोमीटर चालवा. बंद गोल नकलच्या एक्सलमध्ये वरच्या किंगपिनला (चाक ज्यावर वळतं त्या खिळीला) तेल मिळतं ते सांधा फिरताना उडणाऱ्या तेलातूनच. महिनोन्महिने शाफ्ट थांबून राहिला तर वरचं बेअरिंग कोरडं पडून गंजतं.

आणि पैसे घालायच्या आधी एक फुकटचा प्रयोग करून बघा. लांब वाहतुकीचा हंगाम असेल तेव्हा दोन्ही ड्राइव्ह फ्लँज काढा, त्या जागी पत्र्याची सपाट झाकणं गॅस्केट घालून लावा, आणि तसेच चालवा. शाफ्टला सर्क्लिप आहे ना, तेवढं बघा. एका हंगामात कळेल की फ्री चाकांचा तुम्हाला किती उपयोग होतो. हब लावलेच तर काढलेले फ्लँज, त्यांचे बोल्ट आणि दोन नवी गॅस्केटं तेल लावून ट्रॅक्टरच्या पेटीतच ठेवा. शेताच्या मधोमध हब फुटला तर अर्ध्या तासात मूळ फ्लँज लावून काम पुढे चालू करता येतं.