खुब्याच्या वाटीपर्यंत पोहोचण्याची वाट

अपघातात खुब्याची वाटी, म्हणजे मांडीच्या हाडाचा गोल माथा जिच्यात बसतो ती खोबण, फुटली की हाड जोडण्याआधी तिथवर पोहोचायचे कसे, हा प्रश्न उभा राहतो. मागची भिंत तुटली असेल, तर कोखर आणि लांगेनबेक या शल्यचिकित्सकांच्या नावाने ओळखला जाणारा नितंबावरचा छेद आजही उपयोगी पडतो. तिथे पायाकडे जाणारी सायटिक नस (मोठा मज्जातंतू) मात्र जपावी लागते.

पुढची बाजू अधिक अवघड होती. पॅरिसमध्ये रोबेर ज्युदे यांच्यासोबत काम करणाऱ्या अस्थिशल्यचिकित्सक एमिल लेतुर्नेल यांनी १९६०च्या दशकात इलिओइंग्विनल छेद रूढ केला. कमरेच्या हाडाच्या कडेवरून जांघेतून मध्यरेषेकडे जाणाऱ्या या छेदात, मांडीकडे उतरणाऱ्या मुख्य रक्तवाहिन्या रबरी पट्टीने हलकेच बाजूला धरून तीन खिडक्यांतून, म्हणजे मधल्या फटींतून, हाड पाहायचे असते. साहाय्यक म्हणून ती पट्टी मी धरली आहे. तिच्यातून बोटांना जाणवणारे ठोके मला अजून आठवतात.

पुढे हर्नियासाठीच्या, स्टोपा या शल्यचिकित्सकाच्या पद्धतीवरून सुचलेला, ओटीपोटाच्या तळाशी घेतला जाणारा छेद १९९०च्या दशकात आला आणि वाटीची आतली भिंत थेट समोर दिसू लागली. इथे जघनास्थीच्या (ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडाच्या) मागून जाणारी ‘कोरोना मॉर्टिस’, म्हणजे मृत्यूचा मुकुट, ही दोन रक्तवाहिन्यांना जोडणारी वाहिनी आधी शोधून बांधावी लागते, कारण ती अवचित तुटली तर तिचे टोक आत ओढले जाते आणि रक्तस्राव आवरणे कठीण होते. नाव भयंकर असले, तरी ते सार्थ आहे, असे मला वाटते.

२०१२ साली स्वित्झर्लंडमधून पोटाच्या सरळ स्नायूच्या कडेने जाणारा पॅरारेक्टस छेद मांडला गेला.