साताऱ्याची प्रतापसिंह हायस्कूल

साताऱ्यात फिरायला येणारे लोक कास, सज्जनगड, ठोसेघर करतात आणि निघून जातात, पण राजवाड्यावर उतरलात तर प्रतापसिंह हायस्कूलसाठी थोडा वेळ काढाच.

शाळा १८५१ ची. आधी नुसतं सातारा हायस्कूल म्हणायचे, नंतर १९५१ मध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांचं नाव दिलं. आणि भरायची कुठे तर चक्क महाराजांच्या जुन्या राजवाड्यात, म्हणजे १८२४ च्या सुमाराला बांधलेल्या वाड्यात. लाकडी खांब, चौक, जाड भिंती आणि त्यात वर्ग, असा कॅम्पस आजच्या कुठल्या इंटरनॅशनल स्कूलला तरी मिळेल का?

पण माझ्यासाठी ही शाळा म्हणजे ७ नोव्हेंबर १९००. त्या दिवशी सुभेदार रामजींचा मुलगा भिवा इथे इंग्रजी पहिलीत दाखल झाला, रजिस्टरमध्ये नंबर १९१४, नाव भिवा रामजी आंबेडकर. शाळेने ते रजिस्टर जपून ठेवलंय. बाबासाहेबांनी स्वतः लिहिलंय की वर्गात वेगळं बसायला लागायचं, बसायचं गोणपाटही घरून न्यायचं, आणि तहान लागली तरी शिपाई नसेल तर पाणी नाही. सरकारी शाळा, दार उघडं, पण नळाला हात लावायचा नाही! हे वाचून अजूनही चीड येते.

२०१७ पासून राज्य सरकार ७ नोव्हेंबर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतं. शाळा जिल्हा परिषदेची आहे, मोठ्या फीवाली नाही, आणि मला तेच सगळ्यात जास्त आवडतं. तिला विद्यार्थी, शिक्षक आणि पैसा तिन्ही मिळायलाच हवेत, नुसते ७ नोव्हेंबरला हार घालून नाही चालणार.