कौलं परत कुणी चढवली?

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी चार ओळी लिहाल का, असं विचारायला संपादक मंडळाचा फोन आला. मी 'हो' म्हणालो. फोन ठेवल्यावर बायको हसली, कारण 'हो' हा शब्द मला आता झकास येतो, बाकीच्या शब्दांना वेळ लागतो. हा मजकूर मी डाव्या हाताने लिहिलाय आणि नातीने टाईप केलाय. शुद्धलेखनाच्या चुका आढळल्या तर त्या तिच्या खात्यावर मांडाव्यात, ती इंग्रजी माध्यमात शिकते.

शाळेचा इतिहास, इमारत निधी, निकालाची परंपरा यावर लिहिणारे माझ्यापेक्षा हुशार लोक या अंकात आहेत. मला आठवतात ते नीतिशिक्षणाचे गुरुजी आणि त्यांची पेटी. त्या पेटीचा एक सूर कायम बसलेला असायचा आणि तो आला की गुरुजी तोंडाने भरून काढायचे.

आपल्या वर्गात ख्रिस्ती मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, पण गुरुजींच्या तासाला वर्ग गच्च असे. ते गोष्ट सांगायचे. एका अर्धांगवायू झालेल्या माणसाला त्याची माणसं बाजेवरून येशूकडे नेतात, दारात ही गर्दी, म्हणून छपरावर चढून त्याला वरून खाली सोडतात. माणसं चार होती हे मार्कने लिहिलंय, पण लूकच्या शुभवर्तमानात कौलारातून सोडलं असं आहे आणि खानापूरच्या पोरांना तेवढं पुरे होतं. आपल्या गावची माती कौलांची. निम्म्या वर्गाचे बाप नाहीतर काके कौलांच्या कारखान्यात, नाहीतर वीटभट्टीवर. पावसाळ्याआधी घर शाकारायला छपरावर चढलेली पोरं आम्ही. कौल काढताना खालच्या माणसाच्या डोक्यात काय काय पडतं ते आम्हाला कुणी सांगायला नको होतं. गोष्ट संपली तसा मागच्या बाकावरून एकजण उठला. त्याचा बाप कारखान्यात भट्टीवर होता. म्हणाला, "गुरुजी, कौलं परत कुणी चढवली?"

वर्ग खो खो हसला. गुरुजीही हसले. म्हणाले, "बरा प्रश्न आहे. बायबलात उत्तर नाही. तू शोधून ठेव." आणि पेटी पुढे ओढली.

मग गाणं. नारायण वामन टिळकांची भजनं ते अभंगाच्या चालीवर शिकवायचे. टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, पण कानात ओवी-अभंग घेऊनच झाले, त्यामुळे माळकऱ्यांच्या पोरांना ती भजनं परकी वाटायची नाहीत. टाळ तीच पोरं वाजवायची आणि आमच्यापेक्षा बरी वाजवायची.

1978 ला एस. एस. एल. सी., म्हणजे दहावी, झालो, मग आय. टी. आय., मग बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मोल्डर. वाळू, साचा, भट्टी, ओव्हरटाईम. लग्न, घर, मुलं. या चाळीसेक वर्षांवर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. रविवारी उपासनेला जायचो, नाताळात तारा टांगायचो, वर्गणी वेळेवर द्यायचो. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर 1820 साली बळ्ळारीहून आले, तेव्हापासून इथे ख्रिस्ती मंडळी आहे. एवढ्या जुन्या झाडाला आपण एक पान असलो काय, नसलो काय, असाच माझा हिशेब होता.

निवृत्तीला थोडे दिवस उरले असताना पहाटे झोपेतच झटका आला. उठलो तर उजवा हात माझा नव्हता आणि तोंडातून नुसता आवाज. इथे जरा विषय सोडून सांगतो, कारण हा अंक माझ्या वयाची पुष्कळ माणसं वाचणार. तोंड एका बाजूला वाकडं झालं, हात वर जाईना, बोलणं अडखळलं, तर तेल चोळत बसू नका, लिंबू पाजू नका, गाडी बोलवा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. माझा झटका झोपेतला, नेमका कधी आला कुणालाच ठाऊक नाही, म्हणून ती वेळ हुकली.

चालायला लागलो. शब्द आले नाहीत. डोक्यात 'पाणी' असायचं आणि तोंडात काहीतरी तिसरंच. नात्यातल्या एका लग्नाला गेलो, पंगतीत वरण हनुवटीवरून शर्टावर उतरलं आणि शेजारच्या बाईने लहान पोराचं पुसावं तसं पदराने पुसलं. तिच्या मनात काही नव्हतं. पण त्यानंतर मी लग्न, बारसं, दुकान, चर्च सगळं बंद केलं. बेल वाजली की आतल्या खोलीत जायचो. प्रार्थनाही थांबली. देवावर राग होता असं नाही, तिथेही शब्दच लागतात असं वाटायचं.

तो भट्टीवाल्याचा पोरगा, आता गळ्यात माळ असलेला, आषाढीला पंढरपूरला जाणारा माझा वर्गमित्र, एक दिवस बेल न वाजवता परसातून आत आला. "बसून काय करतोस मर्दा? चल की." मी मान हलवली. तो गेला आणि संध्याकाळी पाळकसाहेब, पाळकीणबाई आणि तबला वाजवणाऱ्या एका कन्नड पोराला घेऊनच परत आला. बायकोने पाट-सतरंजी घातली. सलाम झाला, वाचन झालं. मी भिंतीला टेकून खाली बघत बसलो होतो. पाळकीणबाईंनी सुरुवात केली ते नेमकं गुरुजींचं भजन. चाल तीच. धृपद दुसऱ्यांदा आलं तेव्हा बायको गाता गाता थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. मी गात होतो. शब्दांसकट. अडखळ नाही, काही नाही. माळकरी टाळ्यांचा ठेका धरून बसला होता, तो तसाच धरून राहिला आणि आम्ही अख्खं भजन पुरं केलं. मग मी 'पाणी' म्हणायला गेलो आणि पुन्हा भलतंच आलं. सगळे हसले, मीही हसलो.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या डॉक्टरांनी नंतर समजावलं की असं पुष्कळ रुग्णांत दिसतं. बोलण्याचा कारभार बहुतेकांचा मेंदूच्या डाव्या बाजूला, सुराचा बराचसा उजव्या. डावीकडचं घर पडलं तरी उजवीकडून गाणं बाहेर येतं. मग ते मला वाक्यंही चालीत म्हणायला लावायचे. 'मला चहा पाहिजे' मी कितीतरी दिवस भूपाळीसारखं म्हणत होतो. मेंदूचं हे कळल्यावर त्यातला देव कमी झाला का, असं एका भाच्याने विचारलं. मला तरी झाला नाही. त्या संध्याकाळी माझ्या घरी माणसं आली, हे काही मेंदूच्या उजव्या बाजूने केलं नाही.

गुरुजींच्या त्या गोष्टीचा अध्याय मी पुन्हा काढून वाचला. इतक्या वेळा ऐकूनही एक गोष्ट नजरेतून सुटली होती. येशू 'त्यांचा विश्वास' पाहून बोलतो. बाजेवरच्या माणसाला विश्वास होता की नव्हता, कुणी विचारलेलंच नाही. त्या दिवसांत माझ्याकडे तो नव्हताच, दुसऱ्यांच्या विश्वासावर मी उचलला गेलो. माझ्याकडे आलेली माणसं बरोबर चार होती असं मात्र म्हणणार नाही. पुढे उचलणारे हात वाढतच गेले आणि त्यातले निम्मे ख्रिस्ती नव्हते.

आता रविवारी चर्च उघडायला मी जातो. चौऱ्याऐंशीव्या स्तोत्रात देवाच्या घरचा द्वारपाल व्हायची गोष्ट आहे, ती नोकरी मला बिनपगारी मिळाली. कुलूप डाव्या हाताने काढायचं, खिडक्या, सतरंज्या, मग गीतांच्या क्रमांकांचा फलक. पाट्या एक सहा वर्षांची मुलगी हातात देते आणि मी चुकीची मागितली तरी ती बरोबरच देते. आधी मराठी उपासना, तिच्यानंतर कन्नड. सीमाप्रश्नाचं दिल्लीत काय व्हायचं ते होवो, आमच्याकडे भांडण फक्त मराठीवाले वेळेवर संपवत नाहीत यावरून होतं, आणि कन्नडवाल्यांची तक्रार खरी आहे. मधल्या चहाला मात्र दोन्हीकडचे एकाच किटलीभोवती. त्या अर्ध्या तासात मला कुणाच्या भाताला कीड लागली, कुणाची सून माहेरी गेली, सगळं कळतं. मी फारसं बोलत नाही म्हणून लोक मला सगळं सांगतात. फाउंड्रीत चाळीस वर्षांत एवढी करमणूक झाली नव्हती.

नोव्हेंबरातल्या हार्वेस्टला, म्हणजे सुगीच्या सणाला, दोन्ही मंडळ्या एकत्र असतात. वेदीपुढे भाताच्या लोंब्या, रताळी, भोपळे, नारळ, कुणाची पाय बांधलेली गावठी कोंबडी. उपासना झाली की लिलाव. 'एक वार, दोन वार'च्या मागोमाग 'ओंदु सला, येरडु सला'. गेल्या वेळी एका म्हातारीने आणलेलं एकच लिंबू होतं. घेणारा पैसे भरून ते परत ठेवायचा आणि लिंबू पुन्हा लिलावाला. माळकरी आलाच होता, दर वेळी बोली चढवत होता. शेवटी लिंबू त्यालाच मिळालं. सगळं उरकल्यावर मी सतरंज्या गुंडाळत होतो, तो दुसरं टोक धरायला आला. त्याला म्हटलं, म्हणजे चालीत म्हटलं, "कौ-लं प-रत को-ण च-ढव-तंय?" तो म्हणाला, "धर नीट, लोंबतंय तुझ्याकडनं."

महोत्सवाच्या मेळाव्याला आम्ही दोघे त्याच्या स्कूटरवरून येणार आहोत. मनोगतासाठी मला व्यासपीठावर बोलवू नये ही विनंती, वेळ फार जाईल. सतरंज्या-खुर्च्यांना माणसं कमी पडली तर आदल्या दिवशी कळवा. आणि गुरुजींची पेटी कुठल्या कपाटात असेल तर बाहेर काढून ठेवा, भात्याला भोक पडलं असेल तर तो चिकटवतो.